रॉ फोटो फिका का दिसतो, आणि त्यातला उजेड कसा बसवायचा?

ज्येष्ठाच्या अखेरीस माऊलींची पालखी दिवे घाट चढू लागली की मोबाइलवर वारीच्या फोटोंची रीघ लागते. एकाच वळणावरून, एकाच वेळी काढलेले तीन फोटो शेजारी ठेवून बघा. एकात ढगांचे थर सुरेख उतरलेत, पण टोपीखालचे चेहरे काळे पडलेत. दुसऱ्यात चेहरे स्वच्छ दिसतात, पण आकाश कोरं पांढरं झालंय आणि धोतर-सदऱ्यांच्या चुण्या पुसल्या गेल्यात. तिसऱ्यात सगळं दिसतं, पण काहीच खरं वाटत नाही. पांढरे कपडे राखाडी, डोंगराच्या कडेला उजळ किनार आणि चेहऱ्यांवर मेणचटपणा.

यावर 'रॉमध्ये काढा', म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल घ्या, हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पूर्वी ही सोय मोठ्या कॅमेऱ्यांपुरती होती. अँड्रॉइडने २०१४ मध्ये ५.० आवृत्तीपासून अ‍ॅप्सना रॉ फाइल काढण्याची मुभा दिली आणि अ‍ॅपलने डिसेंबर २०२० मध्ये आयफोन १२ प्रोसाठी प्रोरॉ हा आपला रॉचा प्रकार आणला. आता रॉचं बटण अनेकांच्या खिशात आहे. माणूस ते सुरू करतो, घरी येऊन फाइल उघडतो आणि हिरमुसतो, कारण ती जेपेगपेक्षा, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटोपेक्षा, फिकी आणि काळपट दिसते. फाइलमध्ये बिघाड काही नसतो. ती अजून फोटो झालेलीच नसते, आणि तिचा फोटो करताना उजेडाची वाटणी कशी करायची हे आता तुमच्यावर असतं.

रॉ फाइलमध्ये असतं काय?

पावसात पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडली आहेत असं समजा. पाऊस सुरू झाला, ठरावीक वेळाने थांबला, आणि मग प्रत्येक भांड्यात किती पाणी साठलं ते मोजून वहीत लिहिलं. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अशी कोट्यवधी भांडी, आणि पाऊस म्हणजे प्रकाश. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक पिक्सेलवर जितका प्रकाश पडला त्याचा आकडा म्हणजे रॉ डेटा. ती वही म्हणजे रॉ फाइल.

प्रत्येक भांड्यावर रंगीत गाळणीही असते, लाल, हिरवी किंवा निळी. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्यात निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. म्हणजे कुठल्याही एका पिक्सेलला पूर्ण रंग ठाऊक नसतो. शेजाऱ्यांचे आकडे बघून तो भरून काढण्याचं काम लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपीसारखी सॉफ्टवेअर करतात. रॉ उघडल्यावर पडद्यावर जे दिसतं ते त्या सॉफ्टवेअरने आपल्या पद्धतीने लावलेला पहिला अर्थ असतो. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी दिसते ती यामुळेच.

काळपटपणाचं कारण आणखी एका गोष्टीत आहे. सेन्सर सरळ मोजतो. प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. आपली नजर तशी चालत नाही. पूर्ण पांढऱ्याच्या जेमतेम १८ टक्के प्रकाश परतवणारा राखाडी कागद आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधला वाटतो. रॉमधले आकडे जसेच्या तसे ० ते २५५ च्या पडद्यावर टाकले तर हा मधला राखाडी ४६ वर येईल, म्हणजे अंधारात. नेहमीच्या एसआरजीबी (पडद्यांसाठीची रूढ रंगपद्धत) फोटोत त्याची जागा ११८ च्या आसपास असते. ४६ ला ११८ पर्यंत उचलणाऱ्या रूपांतराला टोन कर्व्ह म्हणतात. कॅमेरा जेपेग बनवताना हा कर्व्ह, वर थोडा जास्तीचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद छटांमधला फरक) आणि रंगांचा भडकपणा आपणहून लावतो. रॉ उघडताना सॉफ्टवेअर मूळ उचल देतं, पण बाकीच्या सजावटीबाबत हात राखून असतं.

स्टॉप म्हणजे काय, आणि सगळे स्टॉप सारखे का नसतात?

प्रकाश दुप्पट झाला तर एक स्टॉप वाढला, निम्मा झाला तर एक स्टॉप घटला. संपादनात एक्स्पोजरचा, म्हणजे एकूण उजेडाचा, स्लायडर +१ वर नेणं म्हणजे रॉमधल्या प्रत्येक आकड्याला २ ने गुणणं. +२ म्हणजे ४ ने, –१ म्हणजे निम्मा.

आता १४ बिटची रॉ फाइल घ्या. तिच्यात १६,३८४ पायऱ्या असतात. सर्वात उजळ स्टॉपला त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात. त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, मग १,०२४. आठव्या स्टॉपपर्यंत उतरलो की हातात फक्त ६४ पायऱ्या उरतात. जेपेगकडे मुळात प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात, आणि त्याही कर्व्ह लावून आधीच वाटून टाकलेल्या.

सावल्या उचलल्यावर त्या खराब दिसतात, याचं कारण बहुतेक ठिकाणी 'तिथे पायऱ्या कमी' असं दिलं जातं. ते अर्धवट आहे. खरं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश कणाकणाने येतो, आणि येणाऱ्या कणांच्या संख्येत चढ-उतार असतोच. हा चढ-उतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. पिक्सेलवर १०,००० कण पडले तर फरक १०० चा, म्हणजे १ टक्का, जो डोळ्याला जाणवत नाही. १०० च कण पडले तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के, आणि तो रवाळ दाण्यांसारखा दिसतो. यालाच नॉइज म्हणतात. एक्स्पोजर वाढवलं की प्रकाशाबरोबर हा दाणाही तेवढ्याच पटीने वाढतो. म्हणून सावल्यांची शुद्धता फोटो काढतानाच ठरलेली असते.

वरची हद्द कडक, खालची लवचीक

भांडं काठोकाठ भरलं की पुढचं पाणी सांडून जातं. किती सांडलं ते वहीत येत नाही. सेन्सरचंही तसंच आहे. एका मर्यादेनंतर आकडा वर जात नाही आणि तिथला तपशील कायमचा जातो. याला क्लिपिंग म्हणतात. फोटोग्राफर म्हणतात, हायलाइट (सर्वात उजळ भाग) जळाले. खालच्या टोकाला अशी कडक भिंत नसते. तळाशी दाणे वाढत जातात, रंग मळत जातात, पण काही ना काही हाताला लागतं. जळलेल्या भागात मात्र शोधायला काहीच उरत नाही.

तरीही बऱ्याचदा हायलाइट स्लायडर खाली ओढल्यावर पांढऱ्या आकाशात ढग परत येतात. ते दोन कारणांनी. एक तर तो भाग रॉमध्ये भरलेलाच नसतो, कर्व्हने त्याला पडद्यावर पांढऱ्यापर्यंत ढकललेलं असतं. दुसरं म्हणजे उन्हात बहुधा हिरवे पिक्सेल आधी भरतात, लाल आणि निळ्यात जागा शिल्लक असते. सॉफ्टवेअर त्या उरलेल्या रंगांवरून हिरव्याचा अंदाज बांधतं. त्यामुळे असे सावरलेले ढग अनेकदा रंगहीन राखाडी दिसतात, आणि अंदाज चुकला की गुलाबी-जांभळट डाग पडतो. तिन्ही रंग भरले असतील तर स्लायडर –१०० वर नेऊनही पांढऱ्याचा फक्त मळकट राखाडी होतो. हे ओळखायला सोपं आहे. भाग गडद होतो, पण त्यात एकही नवी रेघ उमटत नाही. तसं दिसलं की स्लायडर परत घ्या. स्वच्छ पांढरं आकाश मळक्या राखाडीपेक्षा कधीही बरं.

फोटो काढतानाच काय सांभाळायचं?

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चौकटीतला प्रकाश मध्यम राखाडीच्या आसपास आणू बघतो. वारीत चौकटभर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि ढगाळ पांढरं आकाश. मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो एक्स्पोजर खाली आणतो, आणि उन्हात रापलेले चेहरे आणखी गडद होतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या अंदाजात आपण करायची वाढ-घट, +०.७ ते +१ वर ठेवावी आणि जळणारे भाग दाखवणारी कॅमेऱ्यातली हायलाइटची लुकलुक सुरू ठेवावी. आकाशाचा एखादा तुकडा लुकलुकला तर चालेल. टोप्या आणि खांद्यांवरचं कापड लुकलुकू लागलं की एक तृतीयांश स्टॉप खाली या.

कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, जेपेगवरून काढलेला असतो. रॉमध्ये बहुधा त्याहून थोडी जास्त जागा असते. किती, ते प्रत्येक कॅमेऱ्यागणिक बदलतं. ते घरीच तपासता येतं. उन्हातल्या पांढऱ्या कापडाचे एक तृतीयांश स्टॉपने वाढवत फोटो काढायचे आणि कितव्या फोटोनंतर विणीचे धागे रॉमधूनही परत येत नाहीत ते बघायचं. एवढा एक आकडा ठाऊक असला की पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो.

संपादनाचा क्रम

क्रम पाळायचा तो एवढ्यासाठी की आधीचा स्लायडर नंतरच्याचा पाया हलवतो. इथे लाइटरूममधली नावं वापरली आहेत, कारण २०१२ मध्ये लाइटरूम ४ ने एकत्र आणलेली एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स, ब्लॅक्स ही सहा नावं आता जवळपास सगळ्या अ‍ॅप्समध्ये रूढ झाली आहेत.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी. त्याचा टोनशी संबंध नाही असं वाटतं, पण व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्या आकड्यांना वेगवेगळ्या पटीने गुणणं. भर दिवसा लाल साधारण दुप्पट होतो. म्हणजे व्हाइट बॅलन्स नंतर बदलला तर कुठला रंग जळतो आणि कुठला नाही हे पुन्हा बदलतं. वारीच्या फोटोत टोपी किंवा सदऱ्यावर रंग टिपणारी पिपेट टेकवता येते, पण सावलीतल्या कापडावर नको, त्यावर आकाशाची निळाई असते.

मग प्रोफाइल, म्हणजे फोटो उघडताना लागणारा रंगांचा आणि टोनचा तयार साचा. अ‍ॅडोबी कलर, कॅमेरा स्टँडर्ड, कॅमेरा न्यूट्रल अशी यादी असते. प्रत्येक प्रोफाइलचा स्वतःचा कर्व्ह असतो. कडक उन्हाच्या फोटोला न्यूट्रल किंवा फ्लॅट प्रोफाइल घेतलं तर निम्मी भांडणं सुरू होण्याआधीच मिटतात. प्रोफाइल शेवटी बदललं तर आधीची सगळी मेहनत सरकते.

आता एक्स्पोजर. हा स्लायडर आकाशाकडे बघून हलवायचा नाही. फोटोचा जो जीव आहे, इथे चेहरे, त्यावर नजर ठेवायची आणि ते योग्य उजेडात येईपर्यंत हलवायचं. समजा +१.१ वर चेहरे बसले. तोवर आकाश पांढरं होऊन गेलेलं दिसेल. दिसू द्या. बहुतेक लोक इथे घाबरून +०.५ वर थांबतात आणि उरलेली कसर शॅडोज +८० करून भरतात. मेणचट चेहऱ्यांचा उगम हाच. मधला उजेड एक्स्पोजरने आणायचा, टोकं बाकीच्या स्लायडरनी सावरायची. डार्कटेबलमध्ये हाच विचार उघड मांडलेला आहे. तिथे एक्स्पोजर मॉड्यूलने मध्यम टोन बसवायचा, हायलाइट हद्दीबाहेर गेले तरी दुर्लक्ष करायचं, आणि नंतर फिल्मिक किंवा सिग्मॉइड मॉड्यूल त्यांना हद्दीत आणतं.

'योग्य उजेड' म्हणजे किती, तर त्वचा जशी आहे तितका. सावळा चेहरा उजळ करून गव्हाळ करणं ही संपादनातली फार जुनी आणि वाईट खोड आहे, आणि फोनचे ब्यूटी मोड ती रोज पक्की करतात. रापलेल्या चेहऱ्यावर गालाच्या हाडावरची चमक आणि डोळ्यांखालची सावली दोन्ही वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्या दिसल्या की थांबायचं, मग आकडा कितीही असो.

त्यानंतर हायलाइट्स. –४० ते –६० पर्यंत नेल्यावर ढगांचे थर आणि कापडाच्या चुण्या परत येतात. –१०० ची सवय लावू नये. हा स्लायडर उजळ टोन एकमेकांजवळ दाबतो, आणि फार दाबले की पांढरं कापड चुरगळलेल्या राखाडी कागदाचं दिसतं.

मग व्हाइट्स आणि ब्लॅक्स, म्हणजे सर्वात उजळ आणि सर्वात गडद टोकं. संगणकावर ऑल्ट किंवा ऑप्शनची कळ दाबून व्हाइट्स ओढला की पडदा काळा होतो आणि जळणारे ठिपके तेवढे उमटतात. पहिले ठिपके दिसले की थोडं मागे यायचं. ब्लॅक्सला उलट, पडदा पांढरा होतो आणि पूर्ण काळे झालेले भाग दिसतात. तिथे दोन-चार ठिपके राहू द्यावेत, केसांच्या खोल सावलीत किंवा मृदंगाच्या शाईवर. फोटोत कुठेतरी खरा काळा असला की बाकीच्या रंगांना वजन येतं. लाइटरूमच्या आकड्यांत सांगायचं तर उन्हातल्या पांढऱ्या कापडाला ८५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावं. ९८ च्या पुढे छपाईत धागे दिसत नाहीत.

शॅडोज सर्वात शेवटी आणि हलक्या हाताने, +१५ ते +३० पर्यंत. एवढ्याने टोपीखालचे डोळे उघडत नसतील, तर संपूर्ण फोटोच्या सावल्या उचलण्याऐवजी मास्क घ्या, म्हणजे तेवढाच भाग निवडून बदल करा.

कर्व्ह: एका जागी दिलं की दुसरीकडून जातं

टोन कर्व्हच्या आलेखात आडव्या अक्षावर मूळ उजेड, उभ्या अक्षावर नवा. रेष जिथे खडी, तिथे शेजारच्या छटांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढतो. जिथे रेष आडवी होते, तिथे छटा एकमेकींत मिसळतात. रेषेची दोन्ही टोकं काळ्या आणि पांढऱ्याला बांधलेली असल्यामुळे मध्ये ती खडी केली की कडांना आडवी होणारच. नेहमीचा एस आकाराचा कर्व्ह हेच करतो, मधल्या छटा खुलवतो, ढग आणि सावल्या दाबतो.

म्हणून कर्व्हला हात लावण्याआधी फोटोतला महत्त्वाचा भाग आलेखावर कुठे आहे ते बघावं. लाइटरूममध्ये कर्व्हवरचं गोल साधन उचलून चेहऱ्यावर नेलं की त्याची जागा रेषेवर दिसते. चेहरे ३० ते ५० टक्क्यांच्या पट्ट्यात असतील तर तेवढाच पट्टा थोडा खडा करा. ३० चा बिंदू २८ वर, ५० चा ५३ वर. इतका छोटा बदल पुरतो. कॉन्ट्रास्ट स्लायडर मात्र कर्व्हचा मधला बिंदू स्वतःच ठरवतो, आणि गडद त्वचेच्या फोटोंत तो बिंदू बऱ्याचदा चेहऱ्यांच्या वर पडतो. तसं झालं की चेहरे आणखी गडद होतात. कॉन्ट्रास्ट शून्यावर ठेवून कर्व्ह वापरणं म्हणूनच जास्त बिनधोक.

भगव्या पताकांची वेगळी काळजी घ्यावी लागते. उन्हातल्या भगव्यात लाल आकडा आधीच वरच्या टोकाला असतो. एक्स्पोजर वाढवलं की लाल तिथेच अडकतो आणि हिरवा वाढत राहतो, त्यामुळे भगवा पिवळ्याकडे झुकतो आणि कापडाच्या लहरी सपाट होतात. एकूण हिस्टोग्राम शाबूत दिसत असताना हे घडतं, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघायचा. पताकेवर ब्रशने मास्क घेऊन एक्स्पोजर –०.३ ते –०.५ आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) –१० केलं की लहरी परत येतात. सॅच्युरेशन कमी केल्याने रंग फिका पडेल ही भीती इथे लागू नाही, उलट छटा वेगळ्या झाल्याने रंग भरीव दिसतो.

मास्क कुठे, आणि किनार का उमटते?

शॅडोज आणि हायलाइट्स हे स्लायडर प्रत्येक पिक्सेलच्या आसपासचा परिसर बघून काम करतात. घाटाची गडद कड आणि उजळ आकाश जिथे भेटतात, तिथे एका बाजूला उचल आणि दुसऱ्या बाजूला दाब एकदम लागतो, हिशेब कडेवर घोटाळतो आणि उजळ किनार उमटते. शॅडोज +१००, हायलाइट्स –१०० आणि वर क्लॅरिटी (कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर), या तिघांच्या एकत्र माऱ्याने तर हमखास. किनार दिसली की आधी हेच तीन आकडे निम्मे करून बघा.

आकाशासाठी लिनिअर ग्रेडिएंट, म्हणजे वरून खाली हळूहळू विरत जाणारा मास्क, घेऊन –०.३ ते –०.५ एक्स्पोजर पुरे. ग्रेडिएंट लांबलचक ठेवा, चौकटीच्या एक तृतीयांशापर्यंत उतरणारा, म्हणजे सुरुवात-शेवट कळत नाही. आपोआप आकाश निवडणारे मास्क सोयीचे आहेत, पण पताकांच्या काठ्या, वीणेचा दांडा आणि केसांच्या कडा यांत ते चुकतात. १०० टक्के मोठं करून कडा तपासल्याशिवाय फाइल पुढे देऊ नये.

चेहऱ्यावरचा मास्क मऊ कडेचा, +०.२ ते +०.४ इतकाच. चेहरा मानेपेक्षा उजळ झाला की मास्क लगेच उघडा पडतो. मान आणि हातही त्यात घ्या.

"जेपेगवरही हेच स्लायडर चालतात की!"

चालतात, आणि अर्ध्या स्टॉपच्या आतल्या दुरुस्तीला पुरतातही. पुढे गेलं की तीन गोष्टी आडव्या येतात. वरचं टोक कॅमेऱ्याने आधीच कापून टाकलेलं असतं, व्हाइट बॅलन्स आकड्यांत मुरलेला असतो, आणि जेपेगचं कॉम्प्रेशन ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत चालतं. सावल्या दोन स्टॉप उचलल्या की ते चौकोन दिसू लागतात आणि आकाशात छटांचे पट्टे पडतात.

"फोन स्वतःच इतका छान फोटो देतो, मग रॉ कशाला?"

फोन अनेक फोटो झटपट काढून एकत्र करतो, चेहरे ओळखतो, आकाश वेगळं दाबतो. घरगुती फोटोंना ते उत्तम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. फोनच्या रॉचे दोन प्रकार मात्र लक्षात ठेवावेत. साध्या डीएनजी (रॉ फाइलचा एक रूढ प्रकार) मध्ये एकाच फोटोचा कच्चा डेटा असतो. छोटा सेन्सर असल्याने सावल्यांत दाणा लवकर दिसतो, आणि तो फोनच्या जेपेगपेक्षा वाईट वाटू शकतो. प्रोरॉ किंवा सॅमसंगच्या एक्स्पर्ट रॉमध्ये अनेक फोटो आधीच एकत्र केलेले असतात. तिथे शॅडोज उचलायला पुष्कळ वाव मिळतो, पण चालत्या वारीत हात-पाय, पताका हलत असल्याने जोडणीच्या खुणा राहू शकतात. फोनवर साधं रॉ घेतलं असेल तर ते दीड स्टॉपपेक्षा जास्त उचलू नका.

"म्हणजे ही फसवणूक नाही का?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि वृत्तछायाचित्रणात तो गंभीरपणे विचारला जातो. २०१३ मध्ये छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि त्यावर बनावटीचा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ फाइलशी तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की रंग आणि टोन संपूर्ण फोटोत आणि ठिकठिकाणी बदलले आहेत, पण फोटो जोडून बनवल्याचा पुरावा नाही. पुरस्कार कायम राहिला. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत अंतिम टप्प्याच्या आधीच्या फेरीतल्या सुमारे २० टक्के नोंदी बाद झाल्या. त्यांत काही फोटोंचे कोपरे इतके काळे केले होते की तिथल्या वस्तूच नाहीशा झाल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलेच जेपेग पाठवा, असं कळवलं.

रॉयटर्सची घाई समजण्यासारखी आहे, पण कॅमेऱ्यातला जेपेगही कुणीतरी घेतलेलाच निर्णय असतो. तो कंपनीच्या अभियंत्याने प्रयोगशाळेत घेतलेला असतो, घाटात उभं राहून नव्हे. टोन बदलणं अटळ आहे. प्रामाणिकपणाची कसोटी ही की चौकटीत होतं ते दिसेनासं झालं का, आणि प्रसंगाचा वेळ-प्रहर बदलला का. दुपारचा फोटो एक्स्पोजर –२ करून संध्याकाळचा भासवला, तर एकही पिक्सेल न खोडता खोटं सांगितलं जातं.

"स्क्रीनवर छान होता, प्रिंट काळी आली"

ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की लॅबचा दोष मानण्याआधी पडद्याचा उजेड तपासावा. संपादनासाठी मॉनिटरचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ३०० च्या पुढे जातात. तिथे बरोबर वाटलेला फोटो कागदावर एखादा स्टॉप गडद येणारच. अंधाऱ्या खोलीत काम केलं तरी हेच होतं, पडदा जास्त उजळ भासतो आणि हात आपोआप फोटो गडद करतो.

दुसरी अडचण कागदाची. साध्या मॉनिटरवर १०००:१ चा फरक, म्हणजे सुमारे १० स्टॉप दिसतात. चकचकीत कागदावर ७ च्या आसपास आणि मॅटवर ५ ते ६ च. मॅट कागदाला काळ्याचा तळ वर असतो, त्यामुळे ब्लॅक्सजवळच्या छटा एकत्र होतात. लाइटरूमच्या डेव्हलप विभागात एस दाबलं की सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर फोटो कसा दिसेल याची पडद्यावरची झलक, सुरू होतं. लॅबकडून त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून तिथे लावा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा आणि प्रूफची वेगळी प्रत काढून त्यात शॅडोज +१० ते +१५ वाढवा. मोठी प्रिंट देण्याआधी चेहरा, पांढरं कापड आणि ढग येतील असा एक तुकडा त्याच कागदावर ४×६ इंचात छापून घ्यावा आणि जिथे फ्रेम लावायची आहे त्या भिंतीवरच्या उजेडात बघावा. ट्यूबलाइटखाली योग्य दिसलेली प्रिंट पिवळ्या मंद दिव्याखाली अर्धा स्टॉप कमी वाटते, आणि तो अर्धा स्टॉप छापण्याआधीच एक्स्पोजरमध्ये देता येतो.